आजी म्हणते माळ घाल. काय करू? (श्रद्धा, सेवा आणि पुण्यातली तीन वर्षं)

सांगोल्याचा | रात्री ११:४८

आज माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला गेली. माझी आजी दिंडीत आहे. पुण्यातले दोन मुक्काम संपल्यावर पहाटे तिच्याबरोबर चालायला लागलो, आणि हडपसरच्या गाडीतळापाशी तिनं मला परत फिरवलं. फिरवताना पिशवीतून तुळशीची माळ काढली, माझ्या मुठीत ठेवली आणि म्हणाली, "वाटलं तर घाल. न्हाय वाटलं तर ऱ्हाऊ दे. पर इचार कर." तेव्हापासून माळ टेबलावर आहे आणि मी विचारच करतोय.

ज्यांच्या घरी वारी नाही त्यांच्यासाठी सांगतो. माळ घातली की मांस-मद्य सुटतं, एकादशी लागते, पंढरीची वारी लागते. एकदा घातलेली माळ कुणी सहज उतरवत नाही. माझी अडचण खाण्यापिण्याची नाही. देव आहे का हेच मला ठाऊक नाही, ही अडचण आहे. लहानपणापासून आजीबरोबर पंढरपूरला जातोय, आमच्या सांगोल्याहून तासाभराचा रस्ता. दर्शनाच्या रांगेतून आत पोचलो की आजीचे डोळे वाहायला लागतात. मी तिच्याकडेच बघत राहतो, विठ्ठलाकडे बघायचं राहून जातं.

बारावीनंतर पुण्यात आलो. शनिपाराजवळ खोली, चार कॉट, चौघांचे चार जिल्हे. पहिले दोन महिने मेसवाल्या काकूंशिवाय मला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) नाव घातलं ते समाजसेवेच्या ओढीनं नाही, रविवार जात नव्हता म्हणून. तिथेच एका सरांनी विचारलं, "अक्षर बरं आहे तुझं. लेखनिक म्हणून बसशील का?"

दृष्टिहीन विद्यार्थ्याचा पेपर त्याच्याऐवजी लिहितो तो लेखनिक. तो प्रश्न वाचून दाखवतो आणि परीक्षार्थी जे सांगेल ते उतरवतो. तासामागे वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. मी पहिल्या वर्षाला होतो आणि ज्याचा पेपर लिहायचा तो तिसऱ्या वर्षाला. मी त्याला दादा म्हणायचो. राज्यशास्त्राचा पेपर होता. पुणे करारावर प्रश्न आला आणि दादा असा सांगत सुटला की माझा हात पुरेना. येरवड्याचा तुरुंग, गांधीजींचं उपोषण, बाबासाहेबांवर आलेलं दडपण, स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि ७१च्या जागी १४८ राखीव जागा आल्या, सगळं बिनचूक. फक्त साल सांगितलं १९३१. ते १९३२ आहे हे मला पक्कं माहीत होतं. माझं पेन थांबलं. ते त्याला ऐकू आलं. "काय झालं रे?" म्हणाला. मी म्हटलं, "काही नाही दादा." आणि १९३१ लिहिलं.

बाहेर येऊन खूप वेळ मी कट्ट्यावर बसून होतो. एका आकड्याची बाब. कुणाला कळलंही नसतं. तरी मनात कुठेतरी शांत वाटत होतं, आणि त्या शांततेचीच मला लाज वाटत होती.

दुसरी गोष्ट गेल्या वर्षीच्या पालखीची. आम्ही मुलं भवानी पेठेत वारकऱ्यांचे पाय चोळून देत होतो. तेलाची बादली, जुनी फडकी. साठी-पासष्टीचे एक बाबा समोर बसले. टाचेच्या भेगा इतक्या खोल की तेल आत जाऊन दिसेनासं व्हायचं. पंधरा मिनिटं चोळले. उठताना ते वाकले आणि माझ्या पायांना हात लावून "माउली" म्हणाले. मी दचकून मागे सरलो, बादली सांडली. संध्याकाळी आजीला शाळेच्या वर्गात, तिच्या दिंडीच्या मुक्कामी, हे सांगितलं. ती माझ्यावरच चिडली. म्हणाली, "त्येंनी वाकायचं आन् तू सरकायचं? मंग त्येंनी कुणाच्या पाया पडायचं?"

तिसरी गोष्ट सांगायला जड जाते. दादा पुढे एमएला गेला. त्याच्या पहिल्या सत्राच्या एका पेपराला बसतो म्हणून मी कबूल केलं होतं. आदल्या रात्री दहाला फोन करून नाही म्हणालो. माझी सबमिशन राहिली होती, हे खरं. पण ती राहिली माझ्या आळसानं, हेही खरं. ऐनवेळी जो मुलगा मिळाला त्याला दादाचं सांगणं उतरवता येईना, आणि तो विषय राहिला. मला हे तिसऱ्याच माणसाकडून कळलं. त्यानंतर दीड वर्ष मी त्याला फोन केलेला नाही.

आता आजी म्हणते, माळ घाल. ज्यानं दिलेला शब्द मोडला त्यानं माळ घालावी का? आणि देवाबद्दल खात्री नसताना घातली तर ते आजीला फसवणं होईल का? माझा टीवायचा, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाचा, निकाल लागलाय, गावी जायच्या आधी हे एकदा कुणाशी तरी बोलायचं होतं.

---

मौनी | रात्री १२:२०

आजीला बरं वाटावं म्हणून घालू नका. एवढंच.

---

निवडुंग्याजवळ | सकाळी ६:३५

मी नाना पेठेत राहते. निवडुंग्या विठोबाच्या देवळात तुकोबारायांची पालखी उतरते, आणि त्या दोन रात्री आमच्या वाड्याचं दार लागत नाही. यंदा चाळीस माणसं होती. पिठलं-भाकरी, ठेचा, रात्री उशिरापर्यंत पाणी तापवणं. बायकांसाठी न्हाणीघर मोकळं ठेवायचं, ही सगळ्यात मोठी सोय. फोन चार्ज करायला मी स्वयंपाकघरात पट्टी लावून ठेवते. माझ्या सासूबाई करायच्या, आता मी करते. ह्यात मला कधी शंका आली नाही.

शंका आली ती वेगळ्या कारणानं. तीन वर्षांपूर्वी पालखी पुढे गेली, आम्ही अंगण धुतलं, भांडी परत केली, आणि मग कळलं की वरच्या मजल्यावरच्या काकू बाथरूममध्ये पडल्या होत्या. एकट्या असतात त्या. दीड दिवस कुणाला पत्ता नाही. माझ्या घरात चाळीस अनोळखी माणसं जेवत होती आणि डोक्यावर एक बाई जमिनीवर पडून होती. वाचल्या, पण मला रात्र रात्र झोप लागेना.

आता रोज सकाळी दूध घेताना त्यांच्या दारावर टकटक करते. आतून "हो" आलं की खाली येते. याला कुणी सेवा म्हणणार नाही, पाच सेकंदांचं काम. पण पालखीच्या दोन दिवसांपेक्षा मला हे जड जातं, कारण हे ३६५ दिवस आहे आणि कुणी "माउली" म्हणत नाही.

बाळा, तुझ्या दादाला फोन कर. माळेचं नंतर बघू.

---

टाळकरी | सकाळी ८:१२

वीस वर्षं वारी करतोय, रथामागच्या दिंडीत. तुमच्या आजी बरोबर बोलल्या. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, त्यात वय बघत नाहीत, जात बघत नाहीत. जो समोर आला तो माउली. तुम्ही मागे सरलात ते नम्रतेनं सरलात, मला ठाऊक आहे. पण त्यात "मी पाय चोळणारा, तुम्ही चोळून घेणारे" हा हिशेब राहिला. त्या बाबांना तो हिशेब पुसायचा होता.

आता माळेचं. माळ घालायला देव आहे की नाही याचा निकाल लागावा लागतो, असं तुम्ही धरून चाललात. आमच्याकडे त्याला नेम म्हणतात. मी एकोणिसाव्या वर्षी घातली. वडील प्यायचे, घरात रोज भांडण. कीर्तनाला जायचो ते घराबाहेर राहायला मिळावं म्हणून. माळ घातली तेव्हा देवावर विश्वास होता का, असं कुणी विचारलं तर नव्हता. पण एकादशी आली की उपास करायचा, आषाढ आला की निघायचं, हे ठरलं. ठरलेलं करत गेलो. पुढे कधीतरी, साल सांगता येणार नाही, वाखरीच्या तळावर उभा असताना लक्षात आलं की आता मी घर टाळायला येत नाही.

तुम्हाला तसंच होईल असं नाही. पण खात्री आधी आणि नेम नंतर, असा क्रम मी तरी फार कमी जणांचा पाहिलाय.

---

सत्यशोधक वाचक | सकाळी १०:०५

टाळकरींच्या अनुभवाचा आदर ठेवून थोडा वेगळा मुद्दा.

जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यांनी पाण्याची घागर भरून दारोदार वाटली असती तर लोकांनी त्यांना दयाळू म्हटलं असतं. त्यांनी हौद खुला केला, म्हणजे येणाऱ्यानं स्वतःच्या हातानं पाणी घ्यायचं. मला ह्यात सेवेचा खरा अर्थ दिसतो. आणि फुले नास्तिक नव्हते, हे लोक विसरतात. ते निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानत. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, एवढं त्यांचं म्हणणं. त्यामुळे धागाकर्त्याला मी "देव सोड" असं म्हणणार नाही.

पण लेखनिकाच्या गोष्टीत मला एक खटकतं. एका विद्यार्थ्याचं वर्ष दुसऱ्या विद्यार्थ्याच्या चांगुलपणावर का टांगलेलं असावं? याच्याकडून आळस झाला हे खरं, पण एका मुलाच्या आळसानं दुसऱ्याचा विषय राहतो, तेव्हा दोष त्या व्यवस्थेचाही आहे. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६चा आहे. लेखनिक मिळणं हा परीक्षार्थीचा हक्क आहे. तो पुरवण्याची जबाबदारी परीक्षा घेणाऱ्याची. आपण सेवेचं कौतुक करत राहिलो की हक्काची मागणी मऊ पडते, अशी मला भीती वाटते.

---

सांगोल्याचा | सकाळी ११:३०

सर, तुमचं पटतं. पण व्यवस्थेचा दोष म्हटल्यावर मला लगेच हलकं वाटलं, आणि तेवढ्यासाठी मी ते धरून ठेवणार नाही. शब्द मी दिला होता.

---

पांढरी काठी | दुपारी १:४०

तुमची पोस्ट फोननं मला दोनदा वाचून दाखवली. मी जन्मतः दृष्टिहीन आहे. शाळा, कॉलेज सगळं पुण्यात. आता एका बँकेत नोकरीला आहे. दहावीपासून एमकॉमपर्यंत माझे पेपर सव्वीस जणांनी लिहिले. प्रत्येकाचा आवाज मला आठवतो.

तुम्ही १९३१ लिहिलंत ते बरोबर केलंत. मला लेखनिकाचा हात हवा असतो, डोकं माझं मी आणलेलं असतं. अकरावीत एका मुलीनं मला न सांगता माझी तीन उत्तरं सुधारली. निकालानंतर तिनं आनंदानं सांगितलं. मला ७८ मिळाले होते. त्यातले माझे किती, हे मला आजपर्यंत माहीत नाही. तिचा हेतू वाईट नव्हता. पण त्या विषयात मी पास झालो का, हा प्रश्न तिनं माझ्या पदरात कायमचा टाकला.

आता एक गोष्ट जी तुमच्या लक्षात आली नसेल. तुमचं पेन थांबलं. थांबलेलं पेन आम्हाला फार मोठ्यानं ऐकू येतं. तुमच्या दादाला त्या क्षणी कळलं असणार की काहीतरी चुकलंय. "काय झालं" असं त्यानं उगाच विचारलं नाही. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. मागे जाऊन साल तपासायचं, म्हणजे तुमच्या थांबण्याचा फायदा घ्यायचा. नाहीतर पुढे सांगत राहायचं. तो पुढे गेला. तुम्ही म्हणता की तुम्ही प्रामाणिक राहिलात. त्या खोलीत त्या दिवशी दोघं प्रामाणिक होते. पुढच्या वेळी कुणाचा पेपर लिहाल तेव्हा पेन थांबवूही नका. एकसारखं चालू द्या.

सत्यशोधक वाचक, हक्काचं तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर, आणि ते मागायला मी स्वतः अर्ज घेऊन फिरलोय. पण दोन्ही लागतं. कायदा मला लेखनिक देतो. सकाळी साडेसातला कात्रजहून बस पकडून, स्वतःच्या अभ्यासाचा दिवस मोडून, माझ्या शेजारी चार तास बसायला मात्र कुणीतरी यावं लागतं.

रात्री दहाला आलेला नकार मीही घेतलाय. एफवायला. एक वाजेपर्यंत फोन लावत होतो, आई शेजारी बसून नंबर वाचून दाखवत होती. शेवटी तिच्या मैत्रिणीची भाची आली. ज्यानं नकार दिला त्याच्यावर मी रागावलो नाही असं म्हणणार नाही. रागावलो, आणि तो राग अजून थोडा आहे. तुमच्या दादालाही असेल. फोन करा, पण स्वतःचं मन हलकं व्हावं म्हणून करू नका. ते ओझं त्यानं का उचलावं? त्याला आता काय हवंय ते विचारा.

---

निवडुंग्याजवळ | दुपारी २:०५

पांढरी काठी, तुमची पोस्ट वाचून मी स्वयंपाक तसाच टाकून बसले आहे.

---

कोंढवा ते कॅम्प | दुपारी ३:१५

मी एफवायला आहे. पहिल्यांदाच लिहितेय इथे.

आमच्या घरी लहानपणापासून शिकवलं की उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये. जकात, म्हणजे आमच्या धर्मातलं बंधनकारक दान, ठरलेली असते, वर्षभर साठलेल्या मालाचे अडीच टक्के. ती देणाऱ्याची मेहरबानी नाही, घेणाऱ्याचा हिस्सा आहे. अब्बा जकातीचे पैसे पाकिटात घालून देतात आणि पाकिटावर आमचं नाव लिहीत नाहीत. मी एकदा विचारलं, का? म्हणाले, "उद्या रस्त्यात भेटला तर त्याला मान खाली घालावी लागू नये."

कोविडच्या काळात पुण्यात काही मुस्लिम स्वयंसेवकांनी सगळ्या धर्मांच्या लोकांचे अंत्यविधी केले. घरच्यांना जवळ जाता येत नव्हतं. आमच्या गल्लीतले एक चाचा त्यात होते. दफन असेल तर दफन, दहन असेल तर दहन. त्यांना कुणी विचारलं की दुसऱ्या धर्माचे विधी कसे केलेत, तर ते म्हणायचे, विधी मी केलेच नाहीत, मी फक्त घरच्यांच्या जागी उभा होतो. सांगोल्याचा, तुमच्या १९३१च्या गोष्टीवरून मला चाचांचं हे बोलणं आठवलं.

---

नाईट ड्युटी | संध्याकाळी ५:५०

नर्स आहे, बावीस वर्षं. आम्ही मराठी ख्रिस्ती. लहानपणी आई केडगावला घेऊन जायची, पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना आसरा दिला ती जागा दाखवायला. घरात प्रार्थना होतीच. तरी धागाकर्त्याचा प्रश्न मला वेगळ्या बाजूनं भिडला.

सेवा मन लावून करावी असं सगळे म्हणतात. सलग चौथ्या नाईटला पहाटे तीन वाजता माझं मन कुठेच नसतं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. तीनला बदलली, पाचला बदलायची. त्या वेळी माझ्यात दया नसते, करुणा नसते, प्रार्थना नसते. घड्याळ असतं. तरुणपणी मला वाटायचं, मी ढोंगी आहे. पगार घेते आणि प्रभूचं नाव घेते. मग एका म्हाताऱ्या पेशंटनं सकाळी माझा हात धरून सांगितलं, "तू वेळेवर आलीस." त्यांना माझ्या मनात काय होतं याच्याशी देणंघेणं नव्हतं. पाच वाजता कूस बदलली गेली होती.

सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनं गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला उचलून हडपसरजवळ आपले दत्तक पुत्र यशवंतराव यांच्या दवाखान्यात आणलं, आणि त्यातच त्यांना लागण झाली. वय ६६. आम्ही शिकत असताना ही गोष्ट मोठ्या त्यागाची म्हणून सांगितली जायची. नोकरीत एवढी वर्षं काढल्यावर मला त्यात दुसरंच दिसतं. प्लेगचा पेशंट उचलायला माणूस मिळत नाही, पोर तापानं फणफणलंय, दवाखाना लांब आहे. त्या वेळी विचार करायला सवड नसते. आधीच्या पन्नास वर्षांत हातांना जी सवय लागलेली असते, ते हात पुढे होतात. १८४८ मध्ये शाळेत जाताना अंगावर शेण झेललेली बाई होती ती. टाळकरी दादांनी नेम म्हटलं ना, मला वाटतं हेच ते.

---

माजी कार्यक्रम अधिकारी | संध्याकाळी ७:३०

काही वर्षं एनएसएसचं काम पाहिलं. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर, की प्रमाणपत्र. मुलं तास मोजतात, आणि मोजावेत, त्यात मला गैर वाटत नाही. सांगोल्याचा "रविवार जात नव्हता" म्हणून आला, तशी निम्मी मुलं येतात. मुलं काय कारणानं आत आली हे मी कधी धरून बसलो नाही. शिबिराच्या चौथ्या दिवशी, हातांना फोड आल्यावर, कोण बंधाऱ्यावर दिसतं ते बघायचो.

एक नोंद करावीशी वाटते. एनएसएसची सुरुवात २४ सप्टेंबर १९६९ची. सत्यशोधक समाज पुण्यात स्थापन झाला तो २४ सप्टेंबर १८७३. आणि ज्या कराराचं साल चुकलं, तो येरवड्यात झाला २४ सप्टेंबर १९३२ रोजी. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण मी दर वर्षी त्या दिवशी मुलांना तिन्ही तारखा एकत्र सांगायचो. एका तारखेत सेवा, एकीत समता, आणि एकीत समतेच्या मागणीवर झालेली तडजोड. तिन्ही एकत्र ऐकल्या की मुलं प्रश्न विचारायची. नुसत्या एनएसएस दिनाला कुणी काही विचारत नसे.

---

सत्यशोधक वाचक | रात्री ८:१०

हे मला ठाऊक नव्हतं. १८७३ची तारीख पाठ आहे, दुसऱ्या दोन कधी जोडल्या नाहीत. आभारी आहे.

आणि पांढरी काठी, तुमचं म्हणणं मान्य. हक्क मागणारा मी त्या सकाळी साडेसातला कुठे असतो, हा प्रश्न मला स्वतःला विचारावा लागेल.

---

सांगोल्याचा | दुसऱ्या दिवशी, रात्री ९:२५

काल रात्री ठरवलं आणि आज सकाळी दादाला फोन लावला. दोनदा कापला. तिसऱ्यांदा त्यानंच केला.

मी माफी मागायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, "थांब. त्या दिवशी मी हॉलबाहेर पाऊण तास उभा होतो. ते तुला माहीत असू दे." मी म्हटलं, हो. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. पांढरी काठी, तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी ती शांतता भरून काढली नाही. मग विचारलं, "तुला आता काही हवंय का?" तो म्हणाला, राहिलेला विषय सुटला, एमए झालं. पुढच्या महिन्यात एक भरती परीक्षा आहे, पदवीच्या पातळीची. लेखनिक आपला आपण न्यायचा आणि त्याचं शिक्षण परीक्षेच्या पातळीपेक्षा कमी लागतं. मी लगेच म्हणालो, मी येतो. तो हसला. म्हणाला, "तुझा टीवायचा निकाल लागला ना? मग तू चालत नाहीस."

म्हणजे ज्या कामात मी कसूर केली ते काम आता मला करताच येणार नाही. दुपारभर हेच डोक्यात होतं. त्याला लेखनिक शोधून देईन असं सांगितलंय. पदवी न झालेलं कुणी हवं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही नीट वाचता यायला हवं, आकडेमोडीचा भाग आहे त्यामुळे वर्गमूळ, टक्केवारीच्या खुणा वाचून दाखवता यायला हव्यात. परीक्षेआधी दोनदा एकत्र बसून सराव करावा लागेल, म्हणजे आवाजाची सवय होते. केंद्र पुण्यातच आहे.

आजीशीही बोललो. दिंडी जेजुरीला पोचली आहे. माळेबद्दल खरं ते सांगितलं, की अजून घातली नाही, आणि दादाचंही सगळं सांगितलं. माळेवर ती काही बोलली नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "मंग त्या पोराला ल्ह्यायला कोण मिळालं का?"

---

टाळकरी | रात्री ९:४०

आम्ही जेजुरीतच आहोत. दिंडीचा नंबर कळवा, उद्या तळावर आजींना भेटतो. पाया पडेन, सांगून ठेवा, नाहीतर त्याही मागे सरतील.

---

पांढरी काठी | रात्री १०:०२

दादाला सांगा, सरावाला जागा हवी असेल तर माझ्या घरची खोली आहे. शांत आहे. पंखा आवाज करत नाही, हे महत्त्वाचं.

---

कोंढवा ते कॅम्प | रात्री १०:१८

मी एफवाय कॉमर्सला आहे, बारावी झालेली आहे, त्यामुळे शिक्षणाची अट बसते. मराठी, इंग्रजी, हिंदी तिन्ही वाचता येतं. गणित बरं आहे. आधी कधी लेखनिक झालेले नाही, पण पेन थांबवायचं नाही हे लक्षात राहील.

परीक्षा कुठल्या तारखेला आहे? अम्मीला विचारून आज रात्रीच पक्कं सांगते, म्हणजे दादांना दुसरीकडे बघावं लागणार नाही.

---

कोंढवा ते कॅम्प | रात्री १०:५१

विचारलं. येते. पहिल्या सरावाला अम्मी बरोबर येईल, चालेल ना?